जमिनीत गेलेलं लोखंड

(केंद्रावरून प्रसारित झालेलं भाषण)

आज विषय जरा वेगळा आहे. आज आपण गंजाबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, गंजाबद्दल काय बोलायचं? विळीला चढतो, घासला की निघतो. पण जो गंज डोळ्यांना दिसतो त्याची मला फारशी भीती नाही. जो जमिनीत, पाण्यात, मातीच्या आड बसून लोखंड खातो, त्याच्याबद्दल सांगायचं आहे.

१५ जून २०२५ चा रविवार आठवतो का? आपल्या पुणे जिल्ह्यात, मावळ तालुक्यात, इंद्रायणी नदीवर कुंडमळा नावाची जागा आहे. पावसाळ्याचे दिवस, सुट्टीचा वार, नदीला पाणी आलेलं. पाणी बघायला माणसं लोटली होती. तिथला जुना, अरुंद लोखंडी पूल माणसांनी भरला आणि दुपारी तो नदीत कोसळला. ४ जण गेले, ५० च्या वर माणसं जखमी झाली. पूल सुमारे तीस वर्षांचा होता. तो धोकादायक असल्याचा फलकही तिथे होता. गर्दी फार झाली हे खरं, पण पहिल्या माहितीतच आणखी एक शब्द आला होता, तो म्हणजे गंज.

ती बातमी ऐकली आणि मला माझ्या माहेरचा गोठा आठवला.

माझं माहेर मुळशीकडचं. भावाने दहा-बारा वर्षांपूर्वी गाईंसाठी पत्र्याचं शेड बांधलं. चौकोनी लोखंडी पाइपचे खांब, वर पत्रा. एका पावसाळ्यात वारा सुटला आणि शेड एका बाजूला कललं. नशीब, गाई बाहेर चरायला गेल्या होत्या आणि वहिनी दूध घालायला गेली होती. मी गेले तेव्हा वहिनी म्हणाली, "वन्सं, वर बघा, रंग कसा जसाच्या तसा आहे. आणि खाली बघा, हाताने मोडतंय."

खरंच तसंच होतं. खांबाचा वरचा भाग ठणठणीत. जमिनीलगत मात्र वीतभर जागेत लोखंड पापडासारखं झालेलं. बोटाने दाबलं की पोपडे पडत होते. मग भावाने खांब खणून काढला. खाली गवंड्याने काँक्रीट भरलं होतं. ते फोडलं तर आतलं लोखंड निळसर काळं, जवळजवळ नव्यासारखं! म्हणजे वर चांगलं, खाली चांगलं आणि मधली वीतभर जागा गेलेली. एकच खांब, एकाच दिवशी रोवलेला, मग असं का झालं?

याचं उत्तर समजलं की पूल का पडतो तेही कळतं.

गंज म्हणजे काय

गंज चढायला तीन गोष्टी लागतात: लोखंड, पाणी आणि हवा. हवेतला प्राणवायू म्हणा. यातली एक जरी काढून घेतली तरी गंजाचं काम थांबतं. आपल्या घरात हे आपण रोज करतो. लोखंडी तवा धुतला की पुसतो, चुलीवर जरा तापवतो, तेलाचा हात फिरवतो. पुसून पाणी काढलं, तेल लावून हवा अडवली. आपल्या आज्या-पणज्यांना हे शास्त्र कुणी वर्गात शिकवलेलं नव्हतं.

चौथी गोष्ट म्हणजे मीठ. ते नसलं तरी गंज चढतो, पण असलं तर त्याला पाय फुटतात. गंज चढताना लोखंडाच्या अंगावर बारीकसा विजेचा प्रवाह वाहत असतो. एका जागेवरून लोखंड विरघळतं आणि दुसऱ्या जागेवर प्राणवायू खर्च होतो. साध्या पाण्यातून हा प्रवाह रखडत जातो. पाण्यात मीठ किंवा क्षार असले की तो सहज वाहतो. म्हणून लोणच्याच्या बरणीजवळ ठेवलेला लोखंडी चमचा लवकर खराब होतो.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा. गंज लोखंडापेक्षा फुगीर असतो. जेवढं लोखंड खाल्लं जातं, त्याच्या दोन ते सहा पट जागा गंज घेतो. त्यामुळे गंजलेला खांब आधी जाड दिसतो. आपल्याला वाटतं, अजून भरीव आहे. खरं तर ते पोपडे असतात, आत लोखंड उरलेलंच नसतं. स्लॅबमधली सळई गंजली की काँक्रीटचा तुकडा पडतो, तोही याच फुगण्यामुळे.

जागा बदलली की गंज बदलतो

मोठ्या पुलांचे, धक्क्यांचे, इमारतींचे पाये कधी कधी लोखंडाच्या लांब खांबांवर असतात. हे खांब ठोकून जमिनीत खोल घालतात. इंजिनिअर त्यांना पाइल म्हणतात. आपल्याकडे हे जुनंच आहे. १८६० च्या दशकात मुंबईहून बडोद्याकडे जाणारी रेल्वे टाकली, तेव्हा वसईच्या खाडीवर आणि वाटेतल्या कितीतरी नद्यांवर बिडाच्या पोकळ खांबांवर पूल उभे केले. त्या खांबांना खाली स्क्रूसारखं पातं होतं. माणसं आणि बैल लावून ते गरागरा फिरवत गाळात उतरवत.

अशा खांबांना मातीत काय होतं हे अमेरिकेतल्या एका सरकारी प्रयोगशाळेने तपासलं. मेल्विन रोमानॉफ नावाच्या अभ्यासकाने वर्षानुवर्षं जमिनीत असलेले पोलादी खांब उपटून, खणून पाहिले. काही तर ४० वर्षांचे होते. १९६२ साली त्याने निष्कर्ष मांडले आणि ते ऐकून अनेकांना नवल वाटलं. ज्या मातीला माणसाचा हात लागलेला नाही, त्या मूळच्या घट्ट मातीत ठोकलेले खांब फारसे गंजलेच नव्हते. माती चिकण असो, वाळू असो, फार फरक नव्हता. कारण खोल घट्ट मातीत हवाच पोचत नाही. ओल होती, पण हवा नव्हती. तिथे गंज उपाशी राहिला.

पण जिथे माती उकरून पुन्हा टाकलेली होती, म्हणजे भराव होता, तिथे खांब गंजले होते. भराव भुसभुशीत असतो. त्याच्या फटींतून हवा आणि पाणी दोन्ही आत जातात.

युरोपातल्या बांधकामाच्या नियमावलीत याचा हिशेबच मांडला आहे. ५० वर्षांत उघड्या लोखंडाच्या एका बाजूने किती जाडी जाईल, याचे अंदाज आहेत. आकडे सांगते, पण आपल्या मापात. आपला वेल्डर ज्याला एक सूत म्हणतो, ते साधारण ३ मिलिमीटर.

मूळच्या घट्ट मातीत ५० वर्षांत ०.६ मिलिमीटर जातं. म्हणजे सुताचा पाचवा हिस्सा.

नदीच्या साध्या गोड्या पाण्यात, जिथे पाण्याची पातळी वर-खाली होते त्या पट्ट्यात, ०.९ मिलिमीटर.

दलदलीच्या जमिनीत १.७५ मिलिमीटर, अर्ध्या सुतापेक्षा जास्त.

गटाराचं, कारखान्याचं पाणी मिसळलेल्या फार घाण पाण्यात २.३ मिलिमीटर.

राख किंवा भट्टीची मळी टाकून केलेल्या सैल भरावात ३.२५ मिलिमीटर, म्हणजे एक सूत गेलंच.

आणि समुद्रात, जिथे लाटांचे शिंतोडे उडतात तिथे ३.७५ मिलिमीटर. सगळ्यात जास्त.

हे आकडे थंड देशातले आहेत. आपल्याकडची उष्ण आणि दमट हवा गंजाला मानवते, तेव्हा आपण जास्तच सावध राहायचं. पण आकड्यांपेक्षा त्यांचा क्रम लक्षात घ्या. घट्ट मातीत आणि समुद्राच्या शिंतोड्यात सहा पटींचा फरक आहे. लोखंड तेच, फक्त जागा वेगळी.

यात एक गंमतही आहे. समुद्रात जो भाग कायम पाण्याखाली असतो, तो शिंतोड्याच्या भागापेक्षा कमी गंजतो. गाळात रुतलेला भाग तर त्याहून कमी. सगळ्यात वाईट जागा ती, जी कधी ओली, कधी कोरडी असते. कारण तिथे पाणीही भरपूर, हवाही भरपूर आणि प्रत्येक वेळी सुकताना मीठ मागे राहतं.

समुद्राची हवा काय करते याचं एक दुःखद उदाहरण आपल्या सगळ्यांच्या मनात आहे. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. पडण्याआधी काही दिवस नट-बोल्ट गंजू लागल्याचं पत्र सार्वजनिक बांधकाम विभागाच्या तिथल्या कार्यालयाने दिलेलं होतं. पुढच्या चौकशीत सांगाड्याच्या कमकुवतपणाचा आणि वेल्डिंगचाही दोष निघाला. म्हणजे एकटा गंज नव्हे. पण समुद्राकाठी गंज किती घाई करतो, हे त्यातून कळतं. खूण दिसली, पत्रही गेलं, पण तोवर उशीर झाला होता.

आणि ती काळी, वास मारणारी माती

आता तुम्ही विचाराल, हवा नसेल तर गंज नाही, असं मी म्हटलं. मग गटाराच्या गाळात लोखंड का जातं? तिथे तर हवा नसते.

बरोबर आहे. तिथे काम वेगळ्या जिवाणूंचं असतं. त्यांना हवा लागत नाही. पाण्यातल्या सल्फेट नावाच्या क्षारावर ते जगतात आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू सोडतात. हा वायू लोखंडावर बसतो आणि लालऐवजी काळा थर तयार होतो. पुण्यात मुळा-मुठेच्या काठाला उन्हाळ्यात तो वास आपण सगळ्यांनी घेतला आहे. म्हणून लाल गंज नाही म्हणजे लोखंड चांगलं, असं समजू नका. काळा, मऊ, वास मारणारा थर दिसला तर तोही धोकाच आहे.

आता आपल्या दारात येऊ

माझ्या माहेरच्या खांबाचं कोडं आता सुटतं. काँक्रीटच्या आत लोखंड टिकलं, कारण सिमेंट चुन्यासारखं तिखट असतं. त्याच्या सहवासात लोखंडावर एक पातळ संरक्षक थर बसतो. वर रंग होता आणि पाऊस पडला तरी वाऱ्याने लोखंड सुकत होतं. मधल्या वीतभर जागेत मात्र काँक्रीट जमिनीच्या खालीच संपवलेलं. त्यावर माती आणि शेण साचलेलं. गाईचं मूत्र रोज तिथेच मुरायचं. मूत्रात क्षार, शेणात ओल, वरून हवा. समुद्राच्या शिंतोड्याची जागाच आम्ही गोठ्यात तयार केली होती.

त्यात तो पाइप १६ गेजचा. म्हणजे जाडी साधारण १.६ मिलिमीटर, अर्धं सूत. मोठ्या पुलाच्या खांबाचं अर्धं सूत गेलं तर तो उभा राहील. आपल्या पाइपचं अर्धं सूत गेलं म्हणजे सगळं गेलं. शिवाय पाइपचं वरचं तोंड उघडं होतं. पावसाचं पाणी आत जाऊन तळाशी साचायचं. खांब बाहेरून आणि आतून, दोन्हीकडून खाल्ला जात होता.

आपल्या घरी-शेतात असे कितीतरी खांब आहेत. गोठ्याचे, शेडनेटचे, सौर पंपाच्या पॅनेलचे, पाण्याच्या टाकीच्या स्टँडचे, अंगणवाडीच्या पत्र्याचे, शाळेतल्या झोपाळ्याचे. प्रत्येकाची दुखरी जागा तीच, जमिनीलगतची वीत.

माती कोणती तेही बघा. मुरमात पाणी निचरून जातं, तिथे लोखंड बऱ्यापैकी टिकतं. काळी माती पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगा पडून हवा आत जाते, तिथे जपायला हवं. बारामती-इंदापूरकडे किंवा सांगली-कोल्हापूरकडे ऊस आणि जास्त पाण्यामुळे ज्या जमिनी क्षारपड झाल्या, तिथे तर दुप्पट जपायला हवं. आणि चुलीची, भट्टीची राख खांबाच्या बुडाशी कधीही टाकू नका. आपल्याला वाटतं, राखेने जागा कोरडी राहील. पण राख ओल धरते आणि तिच्यात क्षार असतात.

नवीन बांधताना

वेल्डरला चार गोष्टी सांगा. तो म्हणेल, ताई, तुम्हाला काय कळतं? तरी सांगा.

पहिली, काँक्रीट जमिनीच्या वर वीतभर आणा आणि त्याचा माथा बाहेरच्या बाजूला उतरता ठेवा, म्हणजे पाणी खांबाशी न थांबता घसरून जाईल.

दुसरी, पाइपचं वरचं तोंड बंद करा. पत्र्याचा तुकडा वेल्ड केला तरी चालतो.

तिसरी, परवडत असेल तर जस्ताचा थर दिलेला पाइप घ्या, ज्याला आपण जीआय म्हणतो. जस्त स्वतः आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. पण वेल्डिंग केलं की त्या जागेचं जस्त जळतं. तिथे जस्ताचा रंग लावून घ्या. आणि गोठ्याच्या मूत्रात जस्तही लवकर झिजतं, तेव्हा जीआय आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

चौथी, जमिनीत जाणाऱ्या आणि जमिनीलगतच्या भागाला रोवण्याआधीच रंग द्या. आधी तारेच्या ब्रशने घासा, मग रेड ऑक्साइड, ते सुकल्यावर रंगाचे दोन हात. मातीशी येणाऱ्या भागाला वरून डांबराचा काळा रंग. गंजावर नुसता रंग फासणं म्हणजे जखमेवर न धुता पट्टी बांधणं. आत काम चालूच राहतं.

जुनं तपासताना

दिवाळीनंतर पाऊस संपला की एकदा आणि मे महिन्यात पावसाच्या आधी एकदा, खांबाच्या बुडाची माती, शेण, पालापाचोळा वीतभर खोल बाजूला करा. हातोडीने हळूच ठोका. चांगलं लोखंड टणकन वाजतं. गेलेलं लोखंड थप्प असा मुका आवाज करतं. पोपडे निघत असतील तर ते काढून बघा, खाली किती उरलं. भोक पडलं असेल तर रंगावर पैसे घालू नका. शेजारी जोड खांब लावा किंवा खांब बदला. मुलांच्या झोपाळ्याचा खांब असेल तर बदलेपर्यंत झोपाळा काढून ठेवा. मुलं रडली तरी चालतील.

आणि गावचा साकव

आता मी परत कुंडमळ्याकडे येते. आपल्या कितीतरी वाड्या-वस्त्यांना जायला लोखंडी साकव आहेत. मुली त्यावरून शाळेत जातात, आपण डोक्यावर भारा घेऊन जातो. पावसाळ्यात दुसरी वाट नसते. म्हणून फलक लावला तरी माणूस त्यावरून जातोच. फलक वाचून मुलीला शाळेत जायचं थांबवता येत नाही.

साकव आपण हातोडीने तपासायचा नाही. ते काम इंजिनिअरचं आहे आणि गंजलेल्या पुलाखाली किंवा कठड्यावर जाणं जिवावरचं आहे. पण काठावर उभं राहून बघायला कुणाची परवानगी लागत नाही. पाण्याच्या पातळीजवळ खांब बारीक झाला आहे का? सांध्यांतून तांबडं पाणी गळून ओघळ उठले आहेत का? बोल्टची डोकी गायब आहेत का? चालताना पूर्वी नव्हता असा हेलकावा येतो का? खांबाच्या बुडाची माती वाहून तो उघडा पडला आहे का? पुराने माती नेली की आजवर घट्ट मातीत सुरक्षित असलेलं लोखंड हवेत आणि पाण्यात येतं. म्हणून प्रत्येक पुरानंतर नव्याने बघायला हवं.

यातलं काही दिसलं तर फोटो काढा, तारीख लिहा. गटाच्या मासिक बैठकीत विषय घ्या आणि ठराव वहीत लिहा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, हा आपला कायद्याने दिलेला हक्क आहे. तिथे मांडा. मग ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या की या साकवाची संरचना तपासणी, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, करून घ्यावं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोहोच घ्या. पोहोच नसलेला अर्ज म्हणजे हवेतलं बोलणं. साकव कुणाचा, ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा की बांधकाम विभागाचा, हे कुणी सांगत नसेल तर माहितीच्या अधिकारात विचारा. १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. शेवटची तपासणी कधी झाली आणि तिच्यात काय लिहिलं आहे, हेही त्याच अर्जात विचारा.

आणि तपासणी होईपर्यंत साकवावर गर्दी होऊ देऊ नका. ओळीने, थोडीथोडी माणसं, गाडी नाही. जत्रेच्या आणि पुराच्या दिवशी दोन्ही टोकांना गटातल्या दोघी-दोघी उभ्या राहिल्या तरी फरक पडतो. पुलावर उभं राहून पुराचं पाणी बघायचं नाही, हे घरातल्या पोरांनाही बजावून सांगा.

माझ्या वहिनीने नंतर गोठा पुन्हा बांधून घेतला. या वेळी वेल्डर आला तेव्हा ती समोर उभी राहिली आणि काँक्रीट जमिनीच्या वर आलं की नाही हे स्वतःच्या वितीने मोजलं. आता दर मे महिन्यात ती खुरपं घेऊन खांबांची बुडं मोकळी करते. अर्धा तास लागतो, म्हणाली.

या आठवड्यात तुमच्या गोठ्याचा एक खांब उकरून बघा. काय दिसलं ते आम्हाला कळवा.